आवक क्रमांक एक

दुकान बंद करायचा निर्णय अनंतराव वरुडकरांनी जेवताना जाहीर केला, आणि तोही आमटी वाढून घेता घेता, उद्यापासून दुधवाला बदलायचाय इतक्या सहजपणे.

"यंदा खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतो आणि दसऱ्यापासून कुलूप," ते म्हणाले. "लोकांनी लिहिणंच सोडलंय. पेन कोण दुरुस्त करून घेणार?"

प्रमोदिनीबाईंनी हातातला डाव पातेल्यात ठेवला. पन्नास वर्षांच्या संसारात त्यांनी या माणसाचे पुष्कळ निर्णय ऐकले होते आणि त्यातले बहुतेक आठवड्याभरात आपोआप विरघळलेही होते. या वेळी मात्र आवाज वेगळा होता. समोर जेवायला आलेली त्यांची लेक मृण्मयी बसली होती. लोकांनी लिहिणं सोडलेलं नाही, हे पुंडलिकनगरच्या त्या घरात फक्त तिला ठाऊक होतं. दुकानाकडं येणारी पेनं कुणामुळे आटली हेही तिलाच ठाऊक होतं, आणि दोन आठवडे ती तोंडात गुळणी धरून बसली होती.

अनंतराव एका सरकारी कचेरीत बारनिशीवर होते. म्हणजे कचेरीत येणाऱ्या प्रत्येक कागदाला आवक क्रमांक द्यायचा, तो वहीत चढवायचा आणि योग्य टेबलाकडे धाडायचा. तीस वर्षं त्यांनी हेच केलं आणि संध्याकाळी औरंगपुऱ्यातल्या दहा बाय आठच्या गाळ्यात शाईची पेनं दुरुस्त केली. गाळ्याचं नाव 'अनंत पेन'. दुकानातसुद्धा त्यांनी कचेरीच चालवली. गिऱ्हाईकानं पेन पुढं केलं की आधी वही उघडायची, क्रमांक पडायचा, मग टोपण निघायचं. घाईतली माणसं वैतागून निघून जायची. त्याचं त्यांना फारसं सुखदुःख नव्हतं.

मृण्मयीचा धंदा निराळा. पुण्यातली नोकरी सोडून परत आल्यापासून गारखेड्यातल्या आपल्या फ्लॅटमध्ये बसून ती लोकांच्या वेबसाइट गूगलवर वर आणून द्यायची. दवाखाने, क्लासेस, लग्नाची कार्यालयं, कुणाचंही काम घ्यायची. नाव कोणतं घ्यावं, पानांचे पत्ते कसे ठेवावेत, कशानं साइट वर चढते आणि कशानं घसरते, हे ती भल्याभल्यांना शिकवायची. आणि या सगळ्याचा श्रीगणेशा झाला होता तो बाबांच्याच साइटवर.

ते साल दोन हजार चार. ती बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. दर रविवारी सकाळी बाबा स्कूटर काढायचे, आवकची वही फडक्यात गुंडाळून तिच्या मांडीवर द्यायचे आणि दोघं औरंगपुऱ्यातल्या सायबर कॅफेत जायचे. लाकडी फळ्यांचे खण, पडद्याला धुळीचा वास, आणि लाइन तुटली की मालक आतून ओरडायचा, "दो मिनट रुको काका, अभी आती." ती दोन मिनिटं अर्धा तास चालायची. तेवढ्यात बाबा तिला खारे शेंगदाणे आणून द्यायचे. इतक्या वर्षांनंतरही तिला खाऱ्या शेंगदाण्यांच्या वासानं ते बटणं अडकणारे कीबोर्ड आठवायचे आणि उगाच बरं वाटायचं.

बाबांची कल्पना अशी की दुरुस्त झालेल्या प्रत्येक पेनाचं एक पान करायचं. पेन कोणतं, कुठल्या गावचं, काय बिघडलं, काय उपाय केला. मालकाचं नाव पानावर नाही, ते फक्त वहीत.

"पानाला नाव काय देऊ?" तिनं विचारलं होतं.

"नाव नको. क्रमांक दे. आवक, मग साल, मग नंबर."

"बाबा, ही कचेरी नाही. लोक नावानं शोधतात."

"एका नावाची दहा माणसं निघतात. एका क्रमांकाचा कागद एकच असतो. लिही."

झालं. 'अनंतपेन डॉट कॉम'च्या पुढं तिरकी रेघ, आवक, तिरकी रेघ, २००४, तिरकी रेघ, १. पहिलं पान तिच्याच पेनाचं निघालं. फिजिक्सचा पेपर अवघड गेला म्हणून तिनं आठवडाभर आधीच ते भिंतीवर फेकलं होतं, आणि बाबांनी चकार शब्द न काढता त्याची निब सरळ करून दिली होती. त्या दिवसापासून दुकानाच्या प्रत्येक पावतीवर बाबा त्या त्या पेनाच्या पानाचा पूर्ण पत्ता हातानं लिहून द्यायला लागले. छापील पावतीवर इंग्रजी अक्षरांची ती लांबलचक ओळ बघून गिऱ्हाईकं चक्रावायची.

आणि गंमत म्हणजे ते चाललं. ती पुण्याला गेल्यावर पानं चढवायचं काम बाबा स्वतःच शिकले, आणि एकवीस वर्षांत पानं झाली तीन हजार सहाशे. पत्ता एकदाही बदलला नाही. कुठल्या कुठल्या देशांतले पेनवेडे आपल्या लिखाणात त्या पानांचा हवाला द्यायला लागले. एखाद्या जुन्या पेनाची विशिष्ट कुरबूर कुणी गूगलवर टाकली की पहिलं नाव यायचं ते औरंगपुऱ्यातल्या गाळ्याचं. कोचीपासून डेहराडूनपर्यंतची पेनं कुरिअरनं यायची आणि त्यांनाही वहीत क्रमांक पडायचा.

एवढं सुरळीत चाललेलं गाडं मृण्मयीनं यंदा जूनमध्ये दुरुस्त करायला घेतलं.

बाबांना शहात्तरावं लागलं म्हणून नवी साइट ही तिची भेट होती. शहराचं नाव बदललं होतं, दुकानांच्या पाट्या बदलल्या होत्या, शोधताना अर्धे लोक जुनं नाव टाकत आणि अर्धे नवं. तिनं साइटला शहराचं नवं नाव आणि पेन दुरुस्तीचे शब्द असलेलं एक लांबलचक डोमेन-नाव घेतलं. खरं तर नावात शब्द कोंबून आताशा फारसा फायदा होत नाही, हे ती स्वतःच गिऱ्हाइकांना सांगायची. पण घरच्या कामाला माणूस स्वतःचे नियम लावत नाही. क्रमांकांचे ते सरकारी पत्ते काढून तिनं छान वाचता येतील असे पत्ते केले: 'झिजलेली निब', 'गळणारी शाई', 'तडकलेलं टोपण', आणि त्यापुढं एक, दोन, तीन. सगळी पानं एका छोट्या प्रोग्रामनं दुपारभरात हलली. राहिली फक्त एक गोष्ट. जुना प्रत्येक पत्ता कोणत्या नव्या पत्त्यावर गेला, याची यादी करायची असते. म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेला माणूस नेमक्या त्याच पानावर पोचतो आणि जुन्या पत्त्यानं कमावलेली पतही नव्या पानाला मिळते. ही यादी केल्याशिवाय ती गिऱ्हाइकाचं काम हातात घेत नसे. इथं तिनं कंटाळा केला. जुने सगळेच्या सगळे पत्ते तिनं नव्या साइटच्या दर्शनी पानावर वळवून टाकले आणि हात झटकले.

तिनं मोजणी पाहिली नव्हती असं नाही. एकेका पानाला महिन्याला दोन-दोन भेटी, कुठं तीन. कोण बघतंय हे, असं तिला वाटलं. आवक एकच्या पानाला तर वर्षानुवर्षं महिन्याला नेमकी एकच भेट होती. एखादं यंत्र फिरत असेल म्हणून तिनं सोडून दिलं. दोन गुणिले तीन हजार सहाशे, हा गुणाकार तिनं केलाच नाही.

जुलैत कुरिअर कमी झाले. ऑगस्टमध्ये आठवड्याला एक. तिनं आलेख उघडला तेव्हा रेघ जूनपाशी कड्यावरून पडल्यासारखी दिसत होती. दुरुस्ती तिला माहीत होती, पण नवी पानं बनवताना प्रोग्रामनं क्रमांक पुसले होते आणि कुठल्या क्रमांकाचं पेन कोणतं, हे जगात एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं. बाबांच्या वह्यांमध्ये. वही मागायची म्हणजे कारण सांगायचं, आणि पोटच्या पोरीनं आपलं एकवीस वर्षांचं काम एका दुपारी उधळलं हे बाबांना सांगायची तिला लाज वाटत होती. त्यात मनातला एक चोर कोपरा म्हणायचा, पंचाहत्तरी झाली, हात थरथरतात, आता दुकान बंद झालं तर बिघडलं काय? त्या कोपऱ्याची तिला जास्त लाज वाटली.

जेवणाच्या त्या प्रसंगानंतर शनिवारी ती आवराआवरीला मदत म्हणून औरंगपुऱ्यात गेली. शेजारच्या गाळ्यात रबरी शिक्के करणारा बन्सी तिला बघताच बाहेर आला.

"ताई, तुमीच समजवा काकाला. म्हणं दुकान बंद करतो. अन् म्या एकटा काय करू इथं?" तो म्हणाला. "कुरिअरवाला पोरगा पयले रोज यायचा, आता दिसतच नाय. लोकायनं लिहिणं सोडलं म्हणतेत काका. असं एकदम एकाच महिन्यात सोडलं व्हय?"

मृण्मयीनं काहीतरी पुटपुटून वेळ मारून नेली. बन्सी अनंतरावांना बळंच चहाला घेऊन गेला आणि ती गाळ्यात एकटी राहिली. शाईचा तो जुना, जरासा आंबूस वास तसाच होता. भिंतीला २००४ पासूनच्या बावीस वह्या सालवार उभ्या होत्या, प्रत्येकीच्या पाठीवर बाबांच्या वळणदार अक्षरात साल.

"अनंत पेन हेच का?"

दारात तिच्याच वयाची एक बाई उभी होती. खांद्याला पर्स, हातात प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेली एक पिवळी पावती.

"मी विशाखा. जालन्याहून आले. कामासाठी शहरात आले होते, म्हटलं बघावं दुकान हाय का गेलं. नेटवर कायतरी भलतंच दिसायलंय."

"भलतंच म्हणजे?"

"ह्याच्यावरचा पत्ता टाकला की आमच्या दादांच्या, म्हणजे वडलांच्या, पेनाचं पान यायचं. आता टाकलं की चकाचक नवंच काही उघडतं. मला वाटलं तुम्ही दुकान विकलं." तिनं पावती टेबलावर ठेवली. आवक, २००९, ११२. "दादा शाळेत हेडमास्तर होते. घरी पाहुणा आला की त्याला मोबाइलवर पान दाखवायचे. म्हणायचे, तुमच्या घराला पत्ता हाय, माझ्या पेनाला पण हाय. त्यांना जाऊन परवा वर्ष झालं. वर्षश्राद्धाला सगळे जमले तर भावानं पत्ता टाकला, अन् पानच नाही."

मृण्मयीनं २००९ ची वही काढली. एकशेबारावर बोट ठेवलं आणि नोंद वाचून दाखवली. गाव जालना. निब डाव्या अंगाला झिजलेली. मालक पेन तिरकं धरतात. मुद्दाम सरळ केली नाही, त्यांच्या हाताला तीच बसली आहे. फक्त शाईची वाट मोकळी केली.

"खरंय," विशाखा म्हणाली. "लई तिरकं धरायचे."

'झिजलेली निब'च्या शेकडो पानांतून ते एक शोधायला मृण्मयीला वीस मिनिटं लागली. विशाखानं ते आपल्या मोबाइलवर दोनदा वाचलं.

"पण ताई, हे जुन्याच पत्त्यावर लागलं पाहिजे हो. भावाकडं, आत्याकडं, सगळ्यांकडं तोच लिहून ठेवलाय. दादांच्या डायरीत पण तोच हाय." पावती पाकिटात घालता घालता तिनं विचारलं, "दुकान चालू राहील ना?"

"हो," मृण्मयी म्हणाली. ते खरं होतं की खोटं, तिला माहीत नव्हतं.

अनंतराव चहा पिऊन परतले तेव्हा एकशेबाराचं पान अजून उघडंच होतं.

"बाबा," ती म्हणाली, "लोकांनी लिहिणं सोडलेलं नाही. माझ्यामुळं झालंय हे."

मग तिनं सगळं सांगितलं. नवं नाव, पुसलेले क्रमांक, न केलेली यादी, ऑगस्टमध्ये कळूनही धरलेलं मौन, आणि आता येऊन गेलेली विशाखा. अनंतराव स्टुलावर बसून ऐकत होते. बारनिशीवर एखाद्या तक्रारदाराचं ऐकावं तसं, मध्ये न बोलता.

"म्हणजे कचेरी नव्या इमारतीत गेली," ते शेवटी म्हणाले.

"हो."

"फाइली सगळ्या नेल्या."

"हो. एकही हरवली नाही."

"आणि कोणती फाइल कोणत्या टेबलाकडं वर्ग केली, त्याची नोंदच नाही?"

"नाही. जो येईल त्याला फाटकावर उभं केलं."

"बारनिशीत असं केलं असतंस तर मी स्वतः तुला मेमो दिला असता," ते म्हणाले. पण त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला कळेना. उलट त्यांचा चेहरा सैल पडला होता. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला. पुसून झाल्यावरही पुसतच राहिले.

"मला वाटलं, तू मुद्दाम काढलंस."

"काय?"

"एक नंबरचं पान. तुझं."

तिला क्षणभर अर्थच लागला नाही.

"तू पुण्याला नोकरीला गेलीस ना, तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला उघडतो मी," अनंतराव म्हणाले. "तुझी आई हसायची. म्हणायची, पोरगी फोनवर भेटते, तिच्या पेनाकडं काय बघता? सवय आपली. जूनच्या एक तारखेला होतं. जुलैत टाकलं तर नवीन दुकानच आलं समोर. म्हटलं, पोरीनं नवी साइट केली, तिला जुनं पेन कशाला ठेवायचं असेल. विचारायचं तरी कसं, इतक्या हौसेनं भेट दिलेलीस."

महिन्याला नेमकी एक भेट. कुठलंसं यंत्र म्हणून जिच्याकडं तिनं कानाडोळा केला होता ती. आपल्याला टाकून दिलं, असं वाटून हा माणूस अडीच महिने गप्प बसला होता, आणि ते न बोलता बोलायला त्यानं लोकांनी लिहिणं सोडल्याचं निमित्त शोधलं होतं. मृण्मयीला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही. अनंतरावांना रडणाऱ्या माणसाशी काय करायचं ते कधीच जमलं नव्हतं. त्यांनी शाई टिपायचं फडकं पुढं केलं. तिनं त्यानंच तोंड पुसलं आणि गालावर निळा डाग घेऊन ती हसली.

"वह्या द्याल?" तिनं विचारलं. "यादी करावी लागेल. तीन हजार सहाशे. आणि इतकं करूनही साइट वर यायला तीन-चार महिने लागतील, बाबा. कदाचित जास्त."

"आमच्याकडं कागद यापेक्षा हळू हलायचे," ते म्हणाले आणि त्यांनी २००४ ची वही काढली. कव्हरवर अजून सायबर कॅफेतल्या चहाचा गोल डाग होता. "लॅपटॉप आणलायस ना? बस मग. लिही. आवक एक."

ती स्टूल ओढून बसली. त्यांनी नोंद वाचली, तिनं नवं पान शोधलं. डावीकडं जुना पत्ता, उजवीकडं नवा. एका ओळीचं काम. पण ओळ साइटवर चढवल्यावर अनंतराव पुढं जाईनात. त्यांनी आपला मोबाइल काढला आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, पाठ असलेला तो पत्ता टाकला. या खेपेला फाटक आलं नाही. पान उघडलं. त्यांनी मोबाइल तिच्यासमोर धरला.

एवढ्या वर्षांत तिनं ते पान परत कधी वाचलंच नव्हतं. वरच्या ओळी तिच्याच हातच्या होत्या, सायबर कॅफेत बडवलेल्या. पेन: साधं, काळं. गाव: इथलंच. बिघाड: निब वाकली. कारण: मालकिणीनं भिंतीवर फेकलं. उपाय: सरळ केली. खाली 'शेरा' असा एक रकाना होता. तो त्या वेळी कोरा सोडलेला तिला आठवत होता. आता तो भरलेला होता आणि पुढं तारीख होती, दोन हजार दहाची, ती पुण्याला गेली त्या आठवड्यातली.

पुन्हा मोडल्यास घेऊन यावे. दुकान चालू आहे.

तिनं वर पाहिलं. खंडेनवमीचं विचारावं असं तिच्या मनात आलं. पण अनंतरावांनी मोबाइल खिशात ठेवून वहीचं पान सारखं केलं होतं आणि त्यांचं बोट पुढच्या ओळीवर जाऊन थांबलं होतं.

"आवक दोन," ते म्हणाले. "लिही."